अकरा महिन्यांचा करार आणि एक पावसाळा

बँकेतला बदलीचा आदेश १८ एप्रिलला हातात पडला. महाबळेश्वर शाखा, २ मेला हजर व्हायचे. पुण्याच्या शाखेत पेढे मागायला माणसे आली. "पगारी सुट्टी आहे बुवा तुमची!" गप्प होते ते फक्त आमचे शिपाईकाका. सातारा जिल्ह्यात वीस वर्षे काढलेला माणूस. चहा ठेवता ठेवता म्हणाले, "मॅडम, तिथलं घर पावसात बघायचं असतं. उन्हात काय, सगळीच घरं चांगली दिसतात."

पावसात बघायला वेळ कुठे होता? २७ एप्रिलला जाऊन एका दिवसात घर ठरवले. बाजारपेठेच्या खालच्या अंगाला, जांभ्या दगडाच्या भिंती, वर पत्रे, पश्चिमेला मोठी खिडकी आणि खिडकीतून दरी. छपरावर जुन्या जांभळीची एक जाड फांदी ओणवलेली. मला तीही आवडली. भाडे ११,०००, अनामत ५०,०००, करार १ मेपासून अकरा महिन्यांचा. मालक साताऱ्याला राहतात. करार ऑनलाइन नोंदवला, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली. एवढ्याला चार दिवस गेले, फारसा त्रास झाला नाही. पण करारात एक ओळ घालायची राहिली आणि ती पुढे ९,२०० रुपयांना पडली. त्याबद्दल खाली येतेच.

मे महिना पर्यटकांचा. दुपारी पारा ३१ पर्यंत जायचा, संध्याकाळी वारा सुटला की अंगावर ओढणी घ्यावी लागायची आणि रात्री पंखा नको व्हायचा. गाडी मात्र बाहेर काढायची सोय नाही. वेण्णा तलावापासून बाजारापर्यंत नुसती रांग. मी चालतच शाखेत जायचे. या सगळ्या गर्दीत एक गोष्ट मात्र दिसत असूनही कळत नव्हती. गावातले लोक वर बघत होते. कुणी छपरावर चढून डांबर लावतोय, कुणी पन्हळीतला पालापाचोळा काढतोय, कुणाच्या दारात बांबूंची मोळी येऊन पडली आहे. पाहुण्यांचा उन्हाळा चालू असताना गावाचा पावसाळा सुरू झाला होता.

शेजारच्या मावशींनी १० मेला विचारले, "झडी कुणाकडून बांधून घेणार?"

मला शब्दच माहीत नव्हता. इथला पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या भिंतींवर तो चार महिने मारा करतो आणि भिंत पाणी प्यायला लागली की आतून ओल चढते. म्हणून बांबूचा सांगाडा करून वळचणीपासून जमिनीपर्यंत भिंत झाकून टाकायची. पूर्वी हे गवताने करत, आता बहुतेक ठिकाणी जाड प्लॅस्टिक. माझी ती दरीची सुंदर खिडकी जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्लॅस्टिकमागे जाणार होती. बांबू, प्लॅस्टिक, सुतळी आणि दोन माणसांची दीड दिवसाची मजुरी मिळून ९,२०० झाले. मालकांना फोन केला तर म्हणाले, "ते भाडेकरूच करतात हो तिथं." करारात तसे काही लिहिलेले नव्हते, आणि नाही असेही लिहिलेले नव्हते. तुम्ही डोंगरावर घर घेत असाल तर झडी, पत्र्यांची दुरुस्ती आणि झाडांची छाटणी कुणाच्या खर्चाने, या तीन गोष्टी करारात घालून घ्या.

मावशींनी बेगमीची यादीही सांगितली. तांदूळ, डाळी, कोळशाची दोन पोती, काडेपेट्या हवाबंद डब्यात, मेणबत्त्या, कपड्यांच्या कपाटासाठी पिवळा जुना बल्ब. बल्ब कशाला ते मी विचारले नाही, यादीतून गाळला.

आता ती फांदी. छत दुरुस्त करायला आलेले मामा खालूनच म्हणाले, "ही पडणार." शहरात झाडाची फांदीही विनापरवाना तोडता येत नाही, आणि इथे तर २००१ पासून सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला. ११ मेला अर्ज घेऊन गेले. अर्जासोबत जागामालकाचे संमतीपत्र, घरपट्टीची पावती आणि झाडाचे दोन बाजूंनी काढलेले फोटो लागतात हे तिथे कळले. संमतीपत्र साताऱ्याहून कुरिअरने यायला नऊ दिवस गेले. २० मेला अर्ज दाखल झाला, २९ तारखेला पाहणी झाली, १२ जूनला परवानगी आली. दिरंगाई कुणीच केली नव्हती. उशीर माझाच होता. पाऊस ८ जूनला सुरू झाला होता. परवानगीचा कागद घेऊन मामांकडे गेले तर त्यांनी तो वाचलाही नाही. "ताई, शेवाळलेल्या झाडावर आता माणूस चढवायचा नाय."

पाऊस यायच्या आधीच्या आठवड्यात एकदा आर्थर सीटला गेले होते. तिथे एक खेळ आहे. कड्यावरून वाळके पान खाली टाकायचे, ते वाऱ्यावर उलटे वर येते. समोर सावित्रीचे खोरे एकदम तुटलेले, पलीकडे कोकण. समुद्रावरून आलेला वारा या भिंतीला आपटतो आणि त्याला वर चढण्याशिवाय वाटच नसते. एरवी तो पान परत आणून देतो; जूनमध्ये वाफेने भरून येतो, वर चढताना थंड होतो आणि सगळे ओझे कड्याच्या माथ्यावर टाकतो. माझे घर माथ्यावर, साडेतेराशे मीटरवर. ओझे टाकून झाले की तोच वारा हलका होऊन पुढे जातो. म्हणून १९ किलोमीटरवरच्या पाचगणीला इथल्या साधारण तिसरा हिस्सा पाऊस आणि पसरणी घाट उतरून वाईत गेलात तर त्याहून कितीतरी कमी. शाखेतले दोघे वाईहून जाऊन येऊन करायचे. सकाळी कोरड्या चपला घालून निघत, पाचगणीला छत्री उघडत आणि आमच्याकडे पोचेपर्यंत छत्री मिटून रेनकोट चढवत. महाबळेश्वरात छत्री ही पर्यटकांची वस्तू. वारा तिची फुले करतो.

मला आकड्यांचा नाद. सरळ भिंतीचा, २१ सेंटिमीटर उंचीचा पत्र्याचा डबा मोकळ्या जागी विटांमध्ये बसवला आणि रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून पाणी मोजायला लागले. वेधशाळाही साडेआठ ते साडेआठ असाच दिवस धरते. डब्याचे तोंड आणि बूड सारखे असले पाहिजे, एवढीच अट. पहिल्या आठवड्यात ४०, ६५, ३२ असे आकडे आले तेव्हा मी पुण्याला नवऱ्याला फोन करून सांगत होते. नंतर सांगायचे बंद केले. १९ जुलैला सकाळी गेले तर डबा काठोकाठ भरून वाहत होता. म्हणजे २१० मिलिमीटरच्या वर पडला होता. किती वर, ते डब्यालाच ठाऊक. मावशी खिडकीतून हसत होत्या. "एवढासा डबा? २०२१ ला काय केलं असतंत?" २०२१ च्या २३ जुलैला सकाळी संपलेल्या चोवीस तासांत इथे ५९४ मिमी पडला होता. माझ्या डब्यासारखे जवळजवळ तीन डबे, एका दिवसात. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ दोनदा मोजायला लागले. जुलैची बेरीज २,०६४ मिमी आली, ओसंडलेले पाणी सोडून. पुण्यात सबंध वर्षात पडतो त्याच्या जवळजवळ तिप्पट.

पण आकडे सांगून पावसाळा कळत नाही. तो वास आहे. आंबूस, ओल्या गोधडीचा. जून संपता संपता कपाट उघडले तर दोन सुती साड्यांवर काळे ठिपके, चामड्याच्या पर्सवर हिरवट-पांढरी लव. यादीतला बल्ब आता आठवला. बाजारात विचारले तर दुकानदाराने न विचारता साठ वॅटचा काढून दिला. कपाटाच्या तळाशी तो दिवसभर जळत ठेवायचा, कपड्यांपासून वीतभर लांब. एलईडी चालत नाही, तो गरम होत नाही. दुसरा बल्ब कागदपत्रांच्या पेटीत. जुलैचे वीजबिल २,३४० आले, पण तोवर करारनाम्याच्या मूळ प्रतीवरचा शिक्का पसरून निळा डाग झाला होता. महत्त्वाचे कागद पुण्यातच ठेवून यावेत, इथे झेरॉक्स पुरतात.

शाखेतही तेच. नोटा मोजायचे यंत्र ओलसर नोटा गिळायचे नाही, दोन-दोन एकदम ओढून अडकायचे. प्रिंटरचा कागद लाटलेल्या पापडासारखा वाकायचा. आमचे कॅशिअर सकाळी आल्या आल्या कागदाचे रीम इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ठेवत, तेवढीच ऊब. मीठ पाण्यात, काडी पेटत नाही, पापड विसरा. आणि दार! घराचे पुढचे दार फुगून बसेना म्हणून मी जुलैत सुतार बोलावून दाराची कड रंधून घेतली. मावशी म्हणाल्याही, "पावसात दार तासू नये." मला ती अंधश्रद्धा वाटली.

फांदी ३ जुलैला रात्री दोन वाजता पडली. आवाज मोठा नव्हता; एक कडाड, मग घरंगळत गेलेला पत्र्याचा खडखडाट आणि मग स्वयंपाकघरात धो धो. दोन पत्रे गेले. लाईट आधीच गेली होती. पातेली, परात, बादली जे मिळेल ते खाली लावून मी पहाटेपर्यंत जिन्यावर बसून राहिले. चिडायलाही कुणी समोर नव्हते, आणि चिडायचे तरी कुणावर? सकाळी मामा आले, ताडपत्री टाकून दोरांनी करकचून बांधली आणि उघडीप मिळेपर्यंत थांबा म्हणाले. उघडीप २६ दिवसांनी मिळाली. ताडपत्री १,८००, पत्रे आणि मजुरी ६,५००. यातले पत्र्यांचे पैसे मालकांनी भाड्यातून वळते केले, फोटो आणि परवानगीचे पत्र पाठवल्यावर. ते पत्र शेवटी असे कामाला आले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून अर्धा बाजार प्लॅस्टिकमागे गेलेला असतो. बरीच हॉटेले बंद, कामगार गावाला. अलीकडे पाऊस बघायला म्हणून शनिवार-रविवार माणसे येतात, पण मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता डॉ. साबणे रस्त्यावर दिवे लागलेले, दहा फुटांपलीकडे धुके आणि आपल्याच बुटांचा आवाज. आंबेनळी घाटात दरड आली की पोलादपूरकडची वाट बंद, आणि मग गाव आणखी आत ओढून घेतल्यासारखे वाटते. इंग्रजांचे बरे होते. १८२०-३० च्या दशकात त्यांनी हे ठाणे वसवले, मुंबई इलाख्याचे सरकार उन्हाळ्याला इथे येऊन बसायचे आणि पावसाच्या तोंडावर खाली उतरायचे. बदलीचे आदेश काढणाऱ्यांनी हा इतिहास वाचायला हरकत नाही.

या काळात माझ्या वहीत एक विचित्र गोष्ट दिसली. घरातल्या सावलीतल्या तापमापकावर दुपारी १९ आणि पहाटे १७. दिवसचे दिवस हेच. दिवस-रात्रीत फरकच नाही, जणू गाव कुणी झाकण लावून ठेवले आहे. पुढे जानेवारीतल्या नोंदींशी ताडून बघितले तेव्हा चकित झाले: जानेवारीत दुपारी २३-२४ असायचे. म्हणजे दिवसा सगळ्यात गार महिने जुलै-ऑगस्ट! आपण स्वेटर डिसेंबरसाठी बांधून नेतो, आणि जुलैत दुपारी तीन वाजता पाठीत थंडी भरते. ओली थंडी, ती स्वेटरलाही ओले करते. संध्याकाळी कोळशाची शेगडी पेटवायचे, खिडकी बोटभर उघडी ठेवून. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नका, हे इथे लहान पोरांनाही माहीत असते, बाहेरून आलेल्यांना नसते.

९ ऑगस्टला सकाळी अकराच्या सुमारास शाखेतल्या एका आजोबांनी पासबुक टेबलावर ठेवले आणि पासबुकाची सावली पडली. मी सावलीकडेच बघत राहिले. रांगेतली माणसे एकेक करून बाहेर रस्त्यावर गेली, मीही गेले. वीसेक मिनिटे ऊन होते. मागे २३ दिवस सूर्य दिसला नव्हता, वहीत लिहिलेले आहे. समोरच्या दुकानदाराने तेवढ्यात गाद्या बाहेर आणून टाकल्या आणि पाऊस यायच्या आत उचललेल्याही. त्या रात्री मुलाशी फोनवर बोलताना मला उगाचच रडू आले. पुढच्या शुक्रवारी रजा टाकून तीन दिवस पुण्याला गेले. पहिल्या पावसाळ्यात जुलैअखेर एकदा तरी खाली उतरून यायचे, असे आधीच ठरवून रजा राखून ठेवा. मी ते उशिरा केले.

सप्टेंबरमध्ये पाऊस कंटाळल्यासारखा झाला. डोंगरउतार इतके हिरवे की डोळ्यांना पटत नाही, आणि फुलांसाठी कासला जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झडी उतरवल्या. खिडकीतून दरी परत मिळाली त्या दिवशी मी शाखेत उशिरा पोचले. भिलारकडच्या रस्त्याला गादीवाफ्यांवर स्ट्रॉबेरीची रोपे लागली होती. आमच्या शाखेचे पीककर्जाचे कामही तेव्हा वाढते, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबर माझ्या वहीत जवळजवळ कोरेच आहेत. हवा छान होती एवढे आठवते.

नोव्हेंबरच्या शेवटी पूर्वेकडून कोरडा वारा सुरू झाला. ओठ फुटले, जुलैत पाणी गाळणारी लाकडे आता कडकड वाजायला लागली आणि माझे रंधलेले दार आक्रसून त्याच्या कडेला बोटभर फट पडली. त्या फटीतून रात्रभर गार वारा पायांवर. जुन्या साडीची वळकटी करून ती फट बुजवली, ती अजून तिथेच आहे.

डिसेंबरात बातम्या येतात, "महाबळेश्वरात हिमकण, पारा शून्यावर". पुण्याहून फोन येतात, बर्फ पडला का? बर्फ पडत नाही. काय होते ते बघायला मी अडीचशे रुपयांचे दोन तापमापक घेतले, आधी दोन दिवस शेजारी टांगून दोन्ही सारखे दाखवतात याची खात्री केली आणि २८ डिसेंबरला पहाटे सहाला मावशींच्या मुलाच्या दुचाकीवरून वेण्णा तलावाकडे गेले. घरी टांगलेल्या तापमापकावर ११.५ होते. तलावाकाठच्या गवतात दुसरा ठेवला, दहा मिनिटांनी बघितले तर १. हवा निवांत, आकाश स्वच्छ असले की जमीन रात्री भराभर ऊब सोडते, गारठलेली जड हवा उतारावरून ओघळून तलावाच्या खोलगट भागात साचते, आणि मग गवतावरचे दव गोठते. वेधशाळेतला पारा जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, जाळीदार पेटीत असतो, त्यामुळे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि दोन्ही खरे असतात. एका जीपच्या टपावर पांढरा थर होता. नखाने खरवडला तर साखरेसारखा आला आणि बोटावर लगेच पाणी झाला. शेजारच्या वाफ्यांवर एक शेतकरी रोपांवरचे कापड उचलून बघत होते. "तुम्हाला गंमत, आमची पानं करपतात," ते म्हणाले. रागाने नव्हे. आम्ही कापडाची दोन टोके धरायला मदत केली.

तलावाकाठी खोली घेणाऱ्यांनी एक जाड पांघरूण जास्त आणावे. माथ्यावर राहणाऱ्यांना नेहमीची रजई पुरते.

फेब्रुवारी-मार्च हा राहण्यासाठी सगळ्यात सुखाचा काळ, आणि त्याबद्दल लिहिण्यासारखे सगळ्यात कमी. मार्चअखेर करार संपला. नवा करार करताना झडी निम्म्या-निम्म्या खर्चाने, पत्रे मालकांचे, छाटणी मालकांची, अशा तीन ओळी घातल्या. भाडे पाचशेने वाढले.

एप्रिलमध्ये मात्र एक थट्टा बाकी होती. जिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे नळाला पाणी कमी यायला लागले. आसपासच्या वाड्यांवर बायका झऱ्यावर हंडे लावून थांबलेल्या. तीव्र उतार, जांभ्याची सच्छिद्र जमीन. पडलेले पाणी कृष्णा-कोयनेतून खाली आणि सावित्रीतून समुद्राला निघून जाते, डोंगरावर थांबत नाही. मागच्या जुलैत स्वयंपाकघरात ज्या बादल्या पावसाखाली लावल्या होत्या, त्याच आता पहाटे साडेपाचला नळाखाली लावते.

जांभळीला या वर्षी आणखी एक फांदी छपराच्या बाजूला झुकली आहे. यंदा अर्ज १२ जानेवारीला दिला, संमतीपत्र आधीच मागवून. ५ मार्चला परवानगी आली, मामांनी १४ मार्चला फांदी उतरवली, ३,५०० रुपये. पोच पावती आणि परवानगी दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवली आहेत, बल्बपासून वीतभर लांब. डबा बदलून ४० सेंटिमीटर उंचीचा आणला आहे.